विश्लेषण : नॅनो कीटकनाशकांचा पर्यावरणीय धोका कसा मोजणार?

कमी औषधात जास्त परिणाम, हे नॅनो कीटकनाशकांचे मुख्य आकर्षण. मात्र फवारणीनंतर हे कण माती, पाणी आणि मधमाश्यांपर्यंत पोहोचले तर काय होते, हे प्रचलित चाचण्यांतून पुरेसे कळते का, हा कळीचा प्रश्न आहे.

नॅनो कीटकनाशक म्हणजे काय?

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. काही उत्पादनांत चांदी किंवा तांब्याचे कणच जिवाणू वा बुरशी मारतात. इतर उत्पादनांत नेहमीचेच रसायन पॉलिमर किंवा सिलिकाच्या आवरणात भरलेले असते आणि ते हळूहळू बाहेर पडते.

फायदा किती?

'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात परिणामकारकता नेहमीच्या उत्पादनांपेक्षा साधारण २० ते ३० टक्के जास्त आढळली. मात्र प्रत्यक्ष शेतातील सर्वंकष अभ्यासांची उणीवही त्यात दाखवण्यात आली.

मोजण्यात अडचण कोणती?

रसायन पाण्यात किती विरघळते, मातीत किती दिवसांत नष्ट होते, यावर नेहमीचे मूल्यमापन उभे असते. नॅनोकण मात्र एकमेकांना किंवा मातीला चिकटतात, पाण्याच्या तळाशी बसतात. आवरणातले रसायन ऊन आणि जिवाणूंपासून बचावल्याने जास्त काळ टिकू शकते. त्यामुळे मोकळे रसायन, आवरणातले रसायन आणि रिकामे आवरण या तिन्हींचा स्वतंत्र हिशेब ठेवावा लागतो.

आवरणाने धोका खरेच बदलतो?

अमेरिकेत १९७० च्या दशकात मिथाइल पॅराथिऑन हे कीटकनाशक सूक्ष्म कॅप्सूलमध्ये भरून विकले जाऊ लागले. या कॅप्सूल नॅनोकणांपेक्षा कितीतरी मोठ्या, जवळपास परागकणांएवढ्या होत्या. मधमाश्यांनी त्या परागासोबत पोळ्यात नेल्या आणि विष वसाहतीत पोहोचले. रसायन तेच होते. वेष्टन बदलले आणि धोक्याची वाटही बदलली.

भारतात नियम काय?

कीटकनाशकांची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते. नॅनो-आधारित कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांची खरी कसोटी अंमलबजावणीत आहे. मूळ रसायन जुने आणि परिचित आहे, एवढ्यावरच त्याचे नॅनो रूप सुरक्षित मानले, तर चुकीची किंमत शेतकऱ्याची विहीर आणि शिवारातल्या मधमाश्या मोजतील.