महायुद्धातील विमानयंत्रे : रेडियल आणि इनलाइन

१९४८ च्या १३ सप्टेंबरास सोलापूरच्या बाजूने हिंदी फौजा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील उस्मानाबाद जिल्ह्यात शिरल्या व नळदुर्ग त्यांनी हस्तगत केला. त्या कारवाईत पुण्याच्या तळावरून साहाय्यास आलेली टेंपेस्ट विमाने ब्रिस्टल सेंटॉरस या अठरा सिलिंडरांच्या रेडियल इंजिनावर चालत. उलट, ज्या निजाम सरकारचा हा मुलूख, त्याच्या देणगीमुळे ज्या ब्रिटिश तुकडीस हैदराबादचे नाव मिळाले, त्या १५२ क्रमांकाच्या तुकडीची स्पिटफायर विमाने १९४० साली मर्लिनवर, म्हणजे इनलाइन कुळातील इंजिनावर लढली होती. चार इंजिनांच्या अवजड बाँबफेकी विमानांतही हाच कुळभेद आढळतो.

मर्लिनचे बारा सिलिंडर सहा-सहाच्या दोन रांगांत बसविलेले असून त्यांची उष्णता द्रव वाहून नेतो; त्यामुळे इंजिन सडपातळ राहते, वारा कमी अडतो, परंतु रेडिएटरला गोळी लागून द्रव गळाला की थोड्याच अवधीत ते बंद पडते. रेडियलचे सिलिंडर मध्यवर्ती दंडाभोवती वर्तुळाकार बसतात आणि अंगावरच्या पातळ धातुपट्ट्यांतून वाहणाऱ्या वाऱ्याने निवतात. तोंड रुंद, परंतु गळण्यास द्रवच नाही. प्रत्येक वर्तुळात सिलिंडरांची संख्या विषम असते, कारण स्फोट एकाआड एक सिलिंडरात होतात व सातांच्या वर्तुळात १, ३, ५, ७, २, ४, ६ असा क्रम अखंड चालू राहतो. विमान उभे असता खालच्या सिलिंडरांत वंगणतेल साचते. तेल दबत नसल्यामुळे इंजिन एकदम सुरू केल्यास दट्ट्याचा दांडा वाकण्याचे भय, म्हणून कारागीर आधी पंखा हातांनी फिरवून घेत.

आता श्रेष्ठ कोणते? मर्लिनचा तुटवडा पडेल या धास्तीने ब्रिटिशांनी ३०० लँकेस्टर बाँबफेकी विमानांना हर्क्युलिस हे रेडियल इंजिन बसविले; ती मर्लिनवाल्या भावंडांइतकी उंची गाठू शकली नाहीत, आणि अमेरिकेतील पॅकार्डच्या कारखान्यातून मर्लिन येत राहिल्याने तो उपक्रम तेथेच थांबला. हॅलिफॅक्स या दुसऱ्या बाँबफेकी विमानाची हकीकत नेमकी उलटी: मर्लिनवर रखडणारे ते विमान हर्क्युलिस लाभताच सुधारले. तेव्हा विमानाचे अंग, भार व कामगिरी यांपासून तोडून इंजिनाची लायकी ठरविणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते.

अवजड बाँबफेकी विमानांपुरते पाहता हिंदी वायुदलाच्या वाट्याला रेडियलच आले. इंग्रजांनी कानपुरास टाकून दिलेली लिबरेटर विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी दुरुस्त केली व १९४८ च्या नोव्हेंबरात पाचवी तुकडी त्यांवर उभी राहिली; ती विमाने १९६८ पर्यंत सेवेत होती. चौदा सिलिंडरांच्या त्यांच्या ट्विन वास्प इंजिनांना विरळ हवेतही दम पुरविणाऱ्या टर्बो यंत्राचे विवेचन पुढील लेखांकात करू.