लहानपणीची उपासमार आणि आजची साखर



बैठकीत दुखण्याखुपण्याचं बोलणं निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मी कुठं जाडी आहे? मला कशाला साखर होतीय!" साखर म्हणजे खात्यापित्या घरचा, जाड माणसाचा आजार, असं आपण धरून चालतो. पण ते अर्धंच खरं आहे.

पुण्यात येरवड्याला आपल्यापैकी कुणाची मावशी, कुणाची नणंद राहते. दुष्काळात गाव सोडून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी तिथल्या वस्त्यांत संसार थाटला. त्यांच्यातल्या साठी ओलांडलेल्या बायकांना १९७२ सालचं विचारून बघा. आई खडी फोडायला जायची, घरात मिलोची भाकरी आणि कामावर मिळालेली सुकडी. त्या वर्षी जन्मलेली बाळं आज पन्नाशीच्या पुढं आहेत. ते दिवस आपण विसरलो, पण शरीर विसरत नाही.

असं का होतं? घरात पैसा कमी असला की आपण आधी पीठमीठ आणतो, बाकीचं मागं ठेवतो. पोटातलं बाळही तसंच करतं. अन्न कमी पडलं तर मेंदू आधी सांभाळतं. स्नायू, मूत्रपिंड आणि साखर ताब्यात ठेवणारं स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येतं. पुढं हातात पैसा येतो, काम बसून होतं, दिवसातून चार वेळा गोड चहा, सोबत बिस्किटं, वडापाव. कमी ताकदीच्या स्वादुपिंडाला एवढा भार झेपत नाही.

हे आपल्या पुण्यातच तपासलं गेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरलं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण नवल पुढंच आहे. आपल्या बाळांच्या अंगात मांस कमी होतं, चरबी मात्र तितकी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीचं. ज्या आया गरोदरपणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं जास्त भरदार होती.

परदेशातही हेच दिसलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धाच्या काळात, नेदरलँड्समध्ये मोठी उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली, तर त्यांच्या शरीराला साखर पेलणं इतरांपेक्षा जड जात होतं.

यात आईचा दोष नाही बरं का. आणि लहानपणी उपाशी राहिलेल्या प्रत्येकीला साखर होतेच असंही नाही. धोका वाढतो, म्हणून जपायचं.

मग काय करायचं?

• वय ३० च्या पुढं असेल तर, बारीक असलात तरी, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. १०० ते १२५ म्हणजे सावध व्हा. १२६ किंवा जास्त आली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

• घरातली सून, लेक गरोदर असेल तर तिला सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं वाढू नका. डाळ, पालेभाजी, दूध किंवा ताक, चालत असेल तर अंडं तिच्या ताटात पडलंच पाहिजे. लोहाच्या गोळ्या चुकवू नका.

• बाळाचं वजन दर महिन्याला अंगणवाडीत करा. कमी भरलं तर बिस्किटं आणि कुरकुरीत पुड्यांनी भरून काढू नका. घरचं अन्न थोडं थोडं, पुन्हा पुन्हा भरवा.

• वयात आलेल्या मुलीचं ताट मुलाइतकंच भरा. उद्या तीच आई होणार आहे.

आपल्या आयांनी उपाशी राहून आपल्याला वाढवलं. तेव्हा इलाज नव्हता. आज घरात अन्न असूनही बाई शेवटी जेवते, ही सवय मात्र आपण मोडू शकतो. येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की एकमेकींना एवढंच विचारा, "ताई, तुझी साखर कधी तपासली?" आणि आरोग्य केंद्रात जायचा दिवस तिथंच ठरवून टाका.