हंड्यावरचं नाव

पावसाळ्यात जव्हारजवळच्या दाभोशाला येणारे पर्यटक लेंडी नदीचा धबधबा बघून परततात. उन्हाळ्यात याच जव्हार-मोखाड्यातल्या कितीतरी पाड्यांवर विहिरीशी हंड्यांची रांग लागते. आज तिसरा असलेला हंडा उद्या पाचवा असतो. म्हणून हंडा कुणाचा, हे त्याच्या नंबरावरून ठरत नाही. त्यावर घातलेलं नाव वाचावं लागतं.

संगणक सुरू होताना लिनक्सच्या कर्नेलपुढे, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यापुढे, अशीच रांग असते. जी डिस्क आधी सापडली ती ‘एसडीए’, पुढची ‘एसडीबी’. आत प्रत्येकीला आकडेही मिळतात: मुख्य क्रमांक ८, आणि उपक्रमांक पहिलीला ०, दुसरीला १६, तिसरीला ३२. मधले १५ आकडे त्या त्या डिस्कच्या विभागांसाठी राखलेले. हिशेब चोख आहे, पण तो आल्या क्रमाचा आहे. वेळ वाचावा म्हणून कर्नेल अनेक उपकरणं एकाच वेळी शोधतो. एखादी डिस्क उशिरा जागी होते, यूएसबीवरची त्याहून मागे राहते. मुसळधार पावसात वीज गेली, परत आली, यंत्र पुन्हा सुरू झालं, की कालची ‘एसडीबी’ आज ‘एसडीए’ असू शकते. कालच्या अक्षरावर विसंबून कुणी डिस्क पुसायला घेतली, तर एखाद्या शाळेच्या सगळ्या नोंदी जातील. ही भीती मला खरी वाटते, म्हणूनच हे लिहितो आहे.

नेटवर्क कार्डांचंही ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ असंच चाले. २०१३ पासून लिनक्समधली सेवा सांभाळणाऱ्या ‘सिस्टमडी’ या प्रणालीने कार्ड ज्या खाचेत बसलंय तिच्यावरून नाव द्यायला सुरुवात केली, घर क्रमांकासारखं. तेही पुरतं अढळ नाही. मध्ये नवं कार्ड बसवलं तर घरांचे क्रमांक सरकू शकतात.

डिस्कसाठी भांड्यावर नाव घालण्याचाच उपाय आहे. विभाग फॉरमॅट करताना त्यावर यूयूआयडी नावाचा १२८ बिटांचा आकडा कोरला जातो. विभाग रांगेत कुठेही असला तरी हा आकडा बदलत नाही. मात्र डिस्कची हुबेहूब प्रत काढली की हे नावही उतरतं, आणि एकाच नावाचे दोन हंडे विहिरीवर येतात. एक्सएफएस ही फाइल-व्यवस्था अशा वेळी दुसरा हंडा एरवी जोडूनच घेत नाही. त्यावर आधी नवं नाव घालावं लागतं.