बापाचं गाणं

गॅलापागोसमधलं डॅफ्नी मेजर हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं टोक. क्षेत्रफळ जेमतेम 0.34 चौरस किलोमीटर, उंची 120 मीटर. गोडं पाणी नाही, वस्ती नाही, होडी लावायला किनारा नाही. लाटेनं होडी वर उचलली की समोरच्या खडकावर पाय टाकायचा. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने 1973 पासून 2012 पर्यंत इथल्या फिंच पक्ष्यांचा अभ्यास केला. खाली मांडलेला दिवस कुठल्या एका तारखेचा नाही. 2005 नंतरच्या एखाद्या पाऊस झालेल्या वर्षी, विणीच्या हंगामात काम कसं चालत असेल, त्याचा हा आराखडा आहे.

पहाट

उजाडण्याआधी जाळी लागलेली हवीत. बारीक धाग्याची ही जाळी झुडपांच्या पार्श्वभूमीवर पक्ष्याला दिसत नाहीत. विषुववृत्तावर सकाळ सहाच्या सुमारास एकदम उजाडते आणि उन्हाचा तडाखाही लवकर सुरू होतो. ऊन वाढलं की जाळी मिटायची, नाहीतर अडकलेला पक्षी दगावेल.

सकाळी सात

पक्षी हलक्या हाताने सोडवायचा. चोचीची लांबी, जाडी, रुंदी मोजायची; पाय, पंख, वजन. पंखाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब कागदावर टिपायचा. मग पायात कडी: एक क्रमांकाची, धातूची, आणि तीन रंगीत. त्या रंगांवरून पुढे आयुष्यभर दुर्बिणीतून ओळख पटते.

चोचीवर एवढा वेळ का घालवायचा, ते 1977 च्या दुष्काळाने दाखवलं. मऊ, बारीक बिया संपल्या आणि उरल्या त्या सराट्याच्या. आपल्या माळरानावर तळपायात घुसतो त्या सराट्याचाच हा भाऊबंद. त्याचं टणक फळ फोडायला जाड चोच लागते. मध्यम भू-फिंच या इथल्या जातीतले बहुतेक पक्षी मेले, आणि जगले त्यांत मोठ्या चोचीचे जास्त होते. पुढच्या पिढीची सरासरी चोच मोठी निघाली. उत्क्रांती इतक्या थोड्या काळात, पट्टी लावून मोजता येते, हे तोवर फार कमी लोकांना पटत होतं.

साडेनऊ

जाळी मिटली, आता ऐकण्याचं काम. मला विचाराल तर दिवसाचा खरा गाभा हाच.

बेटावरच्या फिंचांपैकी दोन जाती शेजारी राहतात: मध्यम भू-फिंच आणि निवडुंग-फिंच. दोघांचे नर काळेच, घरटी तशीच घुमटाकार, दोघं फड्या निवडुंगावर बसून गातात. त्यांच्यात संकर झाला तर पिल्लं धडधाकट होतात आणि त्यांनाही पिल्लं होतात. म्हणजे शरीरात अडथळा असा काहीच नाही. तरी वर्षानुवर्षं अशी मिश्र जोडी शंभरात एखाददुसरीच निघते. का?

नर आयुष्यभर एकच गाणं गातो. घरट्यात आणि घरटं सोडल्यानंतरच्या काही आठवड्यांत बापाकडून ऐकलेलं. मादी गात नाही, पण तिनेही बापाचं गाणं ऐकलेलं असतं, आणि जोडीदार निवडताना ती परक्या जातीचं गाणं टाळते. चोचीची ठेवणही ती पाहते. दोन जातींमधली भिंत उभी आहे ती या शिकण्यावर.

म्हणून ती कधीकधी ढासळतेही. बाप लवकर मेला, किंवा शेजारचा दुसऱ्या जातीचा नर सतत कानाशी गात राहिला, तर पिल्लू चुकीचं गाणं उचलतं आणि मोठं झाल्यावर त्या गाण्याच्या जातीत जोडी जमवतं. संकरातून जन्मलेली पिल्लंसुद्धा बापाच्या गाण्यामागे जातात. म्हणूनच प्रत्येक गाणाऱ्या नराची कडी वाचायची, गाणं टेपवर घ्यायचं, आणि त्याच्या बापाच्या गाण्याशी ताडून बघायचं.

दुपार

खडक तापतात. स्वयंपाकाची जागा म्हणजे एक गुहा. पिण्याचं पाणी कॅनमधून आणलेलं, ते जपून वापरायचं.

साडेतीन

घरट्यांची फेरी. आठ दिवसांची झालेली पिल्लं अलगद बाहेर काढून कडी घालायची आणि परत ठेवायची. निवडुंगाचे काटे हातात घेऊनच माणूस परततो.

संकरित पिल्लांचं काय होणार, हे पाऊस ठरवतो. सुरुवातीच्या वर्षांत ती फारशी जगली नाहीत, कारण त्यांच्या मधल्या मापाच्या चोचीला साजेल असं खाणं कमी होतं. 1983 च्या प्रचंड एल निनो पावसानंतर बारीक बियांचा सुकाळ झाला आणि तीच पिल्लं आईबापांच्या जातींइतकीच तगू लागली.

संध्याकाळ

उन्हं कलल्यावर नर पुन्हा गायला लागतात, आणि त्यांत एक वेगळाच आवाज असतो. 1981 मध्ये बेटावर एक परका नर आला होता. कडी क्रमांक 5110. मध्यम भू-फिंच साधारण 18 ग्रॅमचा. हा 28 ग्रॅमच्या आसपास, डोकं मोठं, गाणं इथल्या कुणासारखंच नाही. त्याने स्थानिक मादीशी जोडी जमवली आणि तो 13 वर्षं जगला. 2003 ते 2005 च्या दुष्काळात त्याच्या वंशातले फक्त एक भाऊ आणि एक बहीण उरले. त्यांची जोडी झाली, आणि तेव्हापासून हे कूळ आपसातच जोड्या जमवत आलं. मुलगे पणजोबाचं तेच गाणं गातात. इतर माद्या त्याकडे वळत नाहीत. ग्रँट यांनी या पक्ष्यांना ‘बिग बर्ड’ म्हटलं.

नवी जात तयार व्हायला लाखो वर्षं लागतात, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. इथे वेगळेपणाची सुरुवात तीन पिढ्यांत, नोंदींसकट झाली. मला हे थक्क करतं.

रात्री आठ

कंदिलाच्या उजेडात दिवसभराच्या नोंदी वहीत उतरतात: घरट्याचा क्रमांक, नराची कडी, मादीची कडी, गाण्याचा प्रकार, पिल्लं किती. 5110 कुठून आला, याचा उलगडा 2017 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांसोबत झालेल्या जनुकीय अभ्यासातून झाला: शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या एस्पान्योला बेटावरून. तोवर बापाचं नाव लावता येत नव्हतं, तरी त्याच्यापासून पुढची वंशावळ वहीतल्या या ओळींमुळेच पक्की होती.

ग्रँट यांनी या कुळाला नवं शास्त्रीय नाव दिलं नाही, आणि मला तो संयम योग्य वाटतो. 2012 मध्ये विणीच्या जोड्या आठच होत्या. एखादा मोठा दुष्काळ त्यांना संपवू शकतो, किंवा चुकीचं गाणं शिकलेली दोन-चार पिल्लं त्यांना पुन्हा मध्यम भू-फिंचांत मिसळवू शकतात. ते घडतंय की नाही, हे कळायला पुढच्या हंगामात कुणीतरी कड्या वाचायला आणि गाणी ऐकायला हवं.