मोरी तुंबण्याआधी

गेल्या वर्षी बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी आमची मोरी तुंबली आणि घाण पाणी खालच्या मजल्यावरच्या चाचींच्या स्वयंपाकघरात झिरपले. दोष पाइपचा नव्हता, आमचाच होता. गरम रस्सा ओतताना चरबी पातळ असते. पाइपात ती थंड होऊन गोठते आणि तिला भाताची शिते, चहाची पत्ती चिकटत जाते.

आता आम्ही देगची, ताटे आधी रद्दी कागदाने पुसतो, मगच घासतो. मोरीच्या तोंडाशी स्टीलची जाळी बसवली आहे. ती रोज कचऱ्याच्या डब्यात झटकतो. न्हाणीतले केसही डब्यातच. ॲसिडला हात लावत नाही. त्याने माणूस भाजतो.

यंदा आमच्या घरून चाचींकडे फक्त गोश्तचा वाटा गेला!