शब्द नसलेली तबकडी

घरात कुणी गेलं की पहिल्यांदा रेडिओ बंद होतो. तो पुन्हा कधी लावायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. तेराव्याला गोडाचं जेवण होतं, वर्षाच्या आत-बाहेर सणवारही सुरू होतात. गाण्याला मात्र मुहूर्त नसतो.

आमच्या पाचोडच्या घरी मामंजी गेले त्याला दिवाळीत आठ महिने झाले होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कामाधामाला लागल्या होत्या. पण सकाळी अभंग लावला, की आतून आवाज यायचा, "बंद कर गं ते." मला आधी वाटलं, लोक काय म्हणतील याचा संकोच असेल. मग हळूहळू उमगलं, त्यांना शब्दच सोसत नव्हते. अभंग असो की सिनेमातलं गाणं, कुठल्या तरी ओळीशी मामंजी येऊन उभे राहायचे.

दिवाळीच्या सुट्टीत थोरल्या जाऊबाईंचा मुलगा आला, तो मुठीएवढा स्पीकर घेऊनच. "काकू, हे ऐका." अमेरिकेतल्या टेक्सासचा 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय' नावाचा बँड, त्यांचा २००३ सालचा अल्बम. तीन-चार वाद्यं, गिटारी आणि ड्रम, आणि गाणारा कुणीच नाही. याला म्हणे पोस्ट-रॉक म्हणतात. मुखडा नाही, अंतरा नाही. एखादी सुरावट हलकेच सुरू होते, चढत चढत जाते, मोठा कल्लोळ होतो आणि ओसरते. एकेक तुकडा आठ ते दहा मिनिटांचा! आत्याबाई गहू निवडत बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "अरे, गाणारा कधी यायचा?" आम्ही सगळे हसलो. पण "बंद कर" त्या म्हणाल्या नाहीत, बरं का. तेवढं मी मनात टिपून ठेवलं.

आणि मला माहेरची एक कॅसेट आठवली, 'कॉल ऑफ द व्हॅली'. एच.एम.व्ही.नं १९६७ साली काढलेली ही तबकडी. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, निव्वळ वाद्यांवर सांगितलेला. संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काबरांची आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. तिघेही वादक तेव्हा तिशीच्या आसपासचे, म्हणजे आपल्याच वयाचे! गंमत अशी, की तिचे निर्माते होते जी. एन. जोशी. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गाऊन ज्यांनी मराठी भावगीताला घरोघर पोचवलं, तेच हे जोशी. शब्दांवर ज्यांचं नाव झालं, त्यांनीच ही बिनशब्दांची तबकडी काढावी, याचं मला फार नवल वाटतं.

वाद्यांची निवडही धाडसाचीच. संतूर म्हणजे शंभराच्या आसपास तारांची लाकडी पेटी. दोन हलक्या कलमांनी तारा छेडायच्या. काश्मीरच्या सूफियाना संगीतातलं हे वाद्य. त्यावर मींड निघत नाही, मग राग कसा वाजणार, असा जाणत्यांचा आक्षेप होता. आणि गिटार तर परदेशी. काबरा ती मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवत. त्यामुळे सूर कसा घरंगळत येतो, ते ऐकूनच कळेल.

भाऊबीज झाल्यावर एका दुपारी मी ती मोबाइलवर लावली. सगळी मिळून साधारण चाळीस मिनिटं. हातात मेथीची जुडी चालते, पण मिक्सर नको आणि फोनची घंटीही बंद ठेवावी. सुरुवात अगदी हळू आहे. दोन मिनिटांत कंटाळून उठू नका. अहिरभैरव आणि नटभैरव ही सकाळ. पुढे पिलू, मग झपतालातला भूप, देस आणि शेवटी पहाडी. देस मला जरा लवकर संपल्यासारखा वाटतो. रागांची नावं ठाऊक नसली तरी बिघडत नाही. मलाही त्यातले दोनच ओळखता येतात.

"मेंढपाळाची गोष्ट आहे," एवढंच मी आत्याबाईंना सांगितलं होतं.

"म्हणजे आपल्या रानात धनगर मेंढ्या बसवायला येतात, तसा?"

"तसाच, पण काश्मीरचा."

मग त्या गप्प झाल्या. मेथी निवडून झाली, तरी हात परातीतच होते. भूप चालू असताना एकदा पदर डोळ्यांशी गेला. मी मोबाइलकडे हात नेला, तर म्हणाल्या, "राहू दे." आठ महिन्यांत पहिल्यांदा!

पहाडीत बासरी आणि संतूर एकमेकांना विचारून बोलल्यासारखी वाजतात. ते संपलं. आत्याबाई जरा वेळानं म्हणाल्या, "त्या पोराची घरी कुणी वाट बघत होतं का गं?"

"असेल की, आत्या."

"हे मोसंबीला पाणी द्यायला रात्रीचे जायचे. लाईट रात्रीच असायची ना. पहाटे आले, की फाटकाची कडी दोनदा वाजवायचे. हाक मारायचे नाहीत, पोरं उठतील म्हणून. मग मी चूल पेटवायची."

मला हे कधीच माहीत नव्हतं. लग्न होऊन बारा वर्षं झाली, ती कडी मी रोज लावते.

आता आठवड्यातून एखाद्या दुपारी त्याच म्हणतात, "सूनबाई, ती धनगराची लाव." अभंग अजून लावलेला नाही. मी विचारलंही नाही.