पाच गुण, तीन दिवस

मराठी संकेतस्थळांवर वावरणाऱ्यांना धागा, कंपू, डूआयडी आणि जिलबी हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. १९९६ साली ‘मायबोली’ सुरू झाली, तेव्हापासून आपण तिथे भांडतो आहोत आणि अधूनमधून शिकतोही आहोत. २०११ साली आलेल्या ‘ऐसी अक्षरे’वर एक वेगळी सोय दिसली. प्रतिसादाला ‘मार्मिक’, ‘माहितीपूर्ण’, ‘रोचक’, ‘भडकाऊ’, ‘निरर्थक’ अशी श्रेणी देता येते. नुसता अंगठा वर किंवा खाली नव्हे, तर कारणासकट निवाडा. या जातीच्या सोयीचं सर्वांत गाजलेलं घराणं कुठलं, ते शोधायला निघालो आणि ‘स्लॅशडॉट’च्या नियमावलीत अडकलो.

इतिहास थोडक्यात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हॉलंड नावाचं गाव आहे. तिथल्या होप कॉलेजात शिकणाऱ्या रॉब माल्डाने सप्टेंबर १९९७ मध्ये हे स्थळ सुरू केलं. विषय लिनक्स, संगणक, विज्ञान. बातमीचा दुवा द्यायचा आणि खाली लोकांनी बोलायचं. गर्दी इतकी वाढली की इथे दुवा पडला की समोरचं छोटं स्थळ भाराने बंद पडे. नाव न सांगताही लिहिता येई. अशा लेखकावर ‘अ‍ॅनॉनिमस कावर्ड’, म्हणजे निनावी भेकड, असा शिक्का आपोआप बसे. भेकडांना त्याचं काही वाटत नसे. बातमी आली रे आली की ‘पहिला प्रतिसाद माझा’ एवढंच लिहून पळणाऱ्यांची तर फौजच होती.

सुरुवातीला माल्डा स्वतः कचरा वेचत असे. मग विश्वासातली पंचवीसेक माणसं नेमली, नंतर सुमारे चारशे. तेही पुरेनात. १९९९ साली त्याने हे काम सरळ वाचकांवर सोपवलं. ते ज्या रीतीने सोपवलं, तिच्यासाठीच हा लेख.

नियमित वाचणाऱ्या, फार नव्या नसलेल्या आणि बरी वर्तणूक असलेल्या सभासदांतून यंत्र काही जणांना निवडे. निवडलेल्याला पाच गुण मिळत. ते तीन दिवसांत वापरायचे, नाहीतर वाया. प्रत्येक गुण एका प्रतिसादावर खर्च करायचा आणि सोबत कारण निवडायचं: मर्मग्राही, माहितीपूर्ण, मजेदार, अवांतर, भडकाऊ. त्यानुसार प्रतिसाद एक पायरी वर किंवा खाली सरके. पायऱ्या उणे एकपासून पाचपर्यंत. निनावी माणूस शून्यावरून सुरुवात करी, सभासद एकवरून, चांगल्या लौकिकाचा सभासद दोनवरून. वाचणारा आपली पातळी स्वतः ठरवी. ज्याला फक्त निवडक हवं त्याने चारच्या वरचं वाचावं, ज्याला सगळा गाळ उपसायचा त्याने उणे एकवर जावं. कमी गुण म्हणून कुणाचं लेखन उडवलं जात नसे.

मला सर्वांत आवडला तो यातला एक लहानसा नियम. ज्या चर्चेत तुम्ही गुण दिले, तिथे तुम्ही बोलायचं नाही. बोललात तर तुमचे गुण रद्द. पंच व्हा किंवा खेळाडू व्हा. आपल्याकडच्या किती सभा एवढ्या एका अटीने सुधारल्या असत्या! पंचांवरही पंच होते. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या सोयीत इतर सभासद दिलेल्या गुणांची तपासणी करत आणि ते रास्त की अन्याय्य, ते सांगत. सत्ता थोडी, अल्पकाळाची, न मागता मिळालेली आणि हितसंबंधांपासून दूर ठेवलेली. राज्यघटना लिहिणाऱ्याला शोभेल असं हे काम विशीतल्या एका प्रोग्रॅमरने केलं.

पण माणसं यंत्रापेक्षा हुशार असतात. आपल्या प्रतिसादांना मिळालेल्या गुणांतून ठरणारा लौकिक आकड्यात दिसत होता, तोवर तो कमावण्यासाठीच लिहिणारे निपजले. म्हणून आधी पन्नासची मर्यादा घातली, मग आकडाच काढून ‘वाईट’, ‘चांगला’, ‘उत्कृष्ट’ असे शब्द ठेवले. विनोदाने लौकिक वाढू नये असं ठरवलं, तर प्रेमळ पंच विनोदालाच ‘मर्मग्राही’ म्हणू लागले.

त्याहून खोल दुखणं मिशिगन विद्यापीठाच्या क्लिफ लँप आणि पॉल रेझ्निक यांनी २००४ साली दाखवून दिलं. पंचांमध्ये बऱ्यापैकी एकमत होतं, पण चांगला प्रतिसाद वर यायला वेळ लागे. उशिरा आलेल्या, उपचर्चेत दडलेल्या किंवा खालच्या पायरीवरून निघालेल्या प्रतिसादांकडे कमी लक्ष जाई. विचार करून दुसऱ्या दिवशी लिहिणारा मागे पडे, आधी हजर झालेला पुढे जाई.

शिवाय गुण वाचकांच्या हाती असले तरी घर मालकाचं. माल्डा २०११ मध्ये बाहेर पडला. २०१४ साली नव्या मालकांनी स्थळाचं रूप बदलायला घेतलं, तेव्हा वाचकांनी फेब्रुवारीत आठवडाभर बहिष्कार टाकला. काही जण तर स्लॅशडॉटच्याच जुन्या मुक्त प्रोग्रॅमवर ‘सॉइलेंटन्यूज’ नावाचं वेगळं घर थाटून निघून गेले.

आणि पंचांनी गुण देण्याची ही रीत चालायला गर्दी लागते. जिथे शे-दोनशे माणसं लिहितात आणि एकमेकांच्या आयडीमागचा चेहराही ओळखतात, तिथे श्रेणी प्रतिसादाला मिळते की कंपूला, हे सांगणं कठीण. तिथे शेवटी संपादकाचा डोळाच लागतो.

आज आपली बहुतेक चर्चा व्हॉट्सॲपच्या गटांत चालते. सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी केवळ ॲडमिन असल्यामुळे ॲडमिनवर येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. माणसं घेणं आणि काढणं एवढाच त्याचा अधिकार, हे न्यायालयाने नोंदवलं. पुढच्या वर्षी ॲडमिनला इतरांचे संदेश पुसण्याची सोयही मिळाली. घेणं, काढणं, पुसणं: पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतर हातात आलेली अवजारं मुख्यतः हीच. कारणासकट वर उचलण्याचं एकही नाही.

अवजार येईपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्या सोसायटीच्या किंवा शाळेच्या गटात ॲडमिनपद दर महिन्याला चिठ्ठी टाकून द्या, आणि ज्या वादात ॲडमिन निवाडा करणार, त्यात त्याने तोंड उघडायचं नाही एवढी एकच अट घाला. त्यासाठी प्रोग्रॅमर लागत नाही.